पावसाळ्यात ड्राय गॅस सील वारंवार का जातो? उच्चदाब कॉम्प्रेसरसाठी समस्या निवारण

ड्राय गॅस सील म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टपाशी कॉम्प्रेसरमधला गॅस बाहेर जाऊ न देणारा, गॅसच्याच पातळ थरावर चालणारा सील. त्याची तक्रार सहसा अशी येते. उच्चदाबाच्या सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरवर नवे सील कार्ट्रिज बसवले, काही आठवडे प्रायमरी व्हेंटचा (सीलमधून गळलेला गॅस नेणाऱ्या नळीचा) प्रवाह नेहमीच्या पातळीवर राहिला, मग एका ट्रिपनंतर (मशिन आपोआप बंद पडल्यानंतर) तो थोडा वाढला, पुढच्या ट्रिपनंतर आणखी वाढला आणि अखेर अलार्म ओलांडल्यामुळे मशिन थांबवावे लागले. काढलेले कार्ट्रिज निर्मात्याकडे गेले, अहवालात 'सील गॅस दूषित' अशी एक ओळ आली, स्टोअरमधले दुसरे कार्ट्रिज चढले आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच झाले. उरण, थळ, उसर, नागोठणे ते दाभोळ असा वायूवर आधारलेल्या उद्योगांचा पट्टा कोकणात आहे. या हवामानात काम करणाऱ्या देखभाल विभागांसाठी हे टिपण आहे. ते टँडम मांडणीच्या, म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी असे एकामागे एक दोन सील असलेल्या, ड्राय गॅस सीलपुरतेच आहे. रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरच्या पॅकिंगचे प्रश्न वेगळे असल्यामुळे ते येथे घेतलेले नाहीत.

माझे मत आधीच सांगतो, कारण पुढची सारी तपासणी त्यावरच बेतलेली आहे. वारंवार जाणाऱ्या सीलमध्ये दोष सीलचा क्वचितच असतो. सीलपर्यंत येणारा गॅस कसा आहे आणि मशिन उभे असताना तो गॅस येतो का, या दोन प्रश्नांत बहुतेक उत्तरे सापडतात.

सील कशावर टिकतो

फिरणाऱ्या रिंगवर, जी बहुधा टंगस्टन कार्बाइड किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते, काही मायक्रॉन खोलीचे खाचे कोरलेले असतात. शाफ्ट फिरू लागला की गॅस त्या खाच्यांत खेचला जातो, त्याचा दाब वाढतो आणि स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली स्थिर रिंग साधारण ३ ते ५ मायक्रॉन दूर सरकते. एवढ्याच फटीतून थोडासा गॅस सतत गळतो, आणि हीच गळती प्रायमरी व्हेंटमधून फ्लेअरकडे (गॅस जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे) जाते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फटीत द्रवाचा एक थेंब किंवा तेलाचा पातळ थर काय करू शकतो याचा अंदाज येतो. द्रव घुसळला जाऊन उष्णता निर्माण होते, रिंग एका बाजूने तापते, तिचा सपाटपणा बिघडतो आणि फट असमान होते.

म्हणून सीलला प्रक्रियेतला गॅस थेट लागू द्यायचा नसतो. डिस्चार्जचा किंवा बाहेरून आणलेला स्वच्छ गॅस, म्हणजेच सील गॅस, ३ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक फिल्टरमधून गाळून, आतल्या लॅबिरिंथच्या (शाफ्टभोवतीच्या दातेरी कड्याच्या) मागे सोडला जातो. त्यातला बराचसा गॅस लॅबिरिंथमधून मशिनच्या आत परत वाहतो आणि मळका गॅस सीलपासून लांब ठेवतो. लॅबिरिंथ झिजून त्याची फट दुप्पट झाली तरी तेथील वेग सेकंदाला ५ मीटरच्या खाली जाऊ नये, असा संकेत अनेक निर्माते पाळतात.

आधी आकड्याची खातरजमा

प्रवाह वाढला म्हणजे सील उघडला, असे लगेच धरू नये. प्रायमरी व्हेंट फ्लेअर हेडरला जोडलेली असते आणि हेडरमधला दाब दुसऱ्या युनिटने गॅस सोडल्याबरोबर हलतो, त्यामुळे व्हेंटवरील दाबाचे रीडिंग सीलशी संबंध नसतानाही वर जाऊ शकते. त्या वेळी दोन्ही टोकांच्या सीलची रीडिंग एकदम आणि सारखीच हलली असतील, तर कारण बाहेर आहे. एकाच टोकाचे हलले असेल, तर प्रश्न खरा मानावा.

दुसरी शंका इम्पल्स ट्यूबिंगची, म्हणजे दाब मोजणाऱ्या ट्रान्समीटरपर्यंतच्या बारीक नळ्यांची, घ्यावी. जून ते सप्टेंबर या काळात किनाऱ्यावरच्या हवेत आर्द्रता इतकी असते आणि पावसाने नळ्या इतक्या गार होतात, की ट्रान्समीटरकडे जाणाऱ्या नळीत साचलेला द्रव डिफरन्शियल प्रेशरचे रीडिंग सहज बिघडवतो. याचा मोठा धोका व्हेंटपेक्षा सील गॅसच्या कंट्रोल लूपला आहे. सील गॅस आणि रेफरन्स दाब (मशिनच्या आतला, ज्याच्याशी तुलना होते तो) यांतील फरक पुरेसा आहे असे कंट्रोलर समजत राहतो, व्हॉल्व्ह आखडता ठेवतो आणि प्रत्यक्षात लॅबिरिंथमधला प्रवाह नाममात्र उरलेला असतो. इन्स्ट्रुमेंट विभागाकडून ट्यूबिंग ब्लो-डाउन करून घ्यावे, पण त्याआधी आणि नंतरचे रीडिंग व व्हॉल्व्हची स्थिती दोन्ही लिहून ठेवावी. फरक पडला असेल तर तो आकडाच पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

प्रायमरी व्हेंटचा प्रवाह अचानक कमी होणे ही आनंदाची बाब नाही, हेही येथेच सांगायला हवे. सेकंडरी सील उघडला तर प्रायमरीतून आलेला गॅस फ्लेअरकडे न जाता सेकंडरी व्हेंटकडे वळतो आणि प्रायमरीचा आकडा खाली येतो. दोन सीलमध्ये नायट्रोजनवर चालणारे लॅबिरिंथ असेल, तर त्या नायट्रोजनचा व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त उघडलेला दिसतो. पॅनेलवरचे कर्मचारी वाढलेल्या आकड्याकडे तत्परतेने पाहतात. उतरलेल्या आकड्यासाठी बहुतेक ठिकाणी अलार्मही लावलेला नसतो, आणि तो लावून घ्यावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

वाढ केव्हा होते ते पाहा

मागील काही महिन्यांचा ट्रेंड काढून त्यावर प्रत्येक ट्रिप, प्रत्येक स्टार्ट आणि जोरदार पावसाचे दिवस खुणेने मांडावेत. केवळ एवढ्या कामाने निम्मे निदान होते. सुरू झाल्याबरोबर पायरीसारखी वाढ दिसत असेल, तर नुकसान मशिन उभे असताना झाले. मशिन अखंड चालत असताना प्रवाह दिवसेंदिवस सरकत वर जात असेल, तर गॅसमधून काही तरी सतत येते आहे. पावसाची सर आली की प्रवाह डोलतो आणि ऊन पडल्यावर स्थिरावतो, असे दिसले तर गॅस वाटेत गार होऊन द्रव धरतो आहे. एका क्षणात झालेली मोठी उडी मात्र रिंगला गेलेला तडा किंवा फाटलेली ओ-रिंग सुचवते आणि तेथे फार तपास करत बसण्याऐवजी मशिन उतरवण्याची तयारी करावी.

वाटेत गार होणारा गॅस

कोकणातील वारंवार येणाऱ्या तक्रारींत हे कारण मी सर्वांत वर ठेवतो. सक्शनच्या नॉकआउट ड्रममधून (द्रव वेगळा करणाऱ्या टाकीतून) निघालेला गॅस त्या दाबाला आणि तापमानाला संपृक्त असतो. तोच गॅस दाबल्यावर त्याचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली द्रव बनू लागतो ते तापमान, वर चढतो. डिस्चार्जला तो शंभर अंशांच्या पुढे तापलेला असल्यामुळे कोरडा भासतो, पण सील गॅसची नळी बारीक, प्रवाह थोडा आणि फिल्टर स्किडपासून मशिनपर्यंतचे अंतर लांब असल्यामुळे त्याची उष्णता झपाट्याने निघून जाते. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या पाइपरॅकवर हे लक्षातही येत नाही. जुलैत मात्र त्याच नळीवर पाऊस कोसळत असतो, आणि पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढून घेते.

रायगड जिल्ह्यातील एका कारखान्यात, ज्याचे नाव येथे आवश्यक नाही, हीटरपासून कॉम्प्रेसर डेकपर्यंतच्या एक इंची स्टेनलेस नळीवरचे लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) एका ब्रॅकेटच्या वेल्डिंगसाठी काढले होते आणि नंतर अर्धेच परत चढवले होते. हीटरच्या आउटलेटवरील तापमान पॅनेलवर अगदी योग्य दिसत होते, परंतु मशिनजवळच्या टोकाला त्या नळीवर तळहात खुशाल ठेवता येत होता. परमिट घेऊन सर्वांत खालच्या बिंदूचा ड्रेन बंद भांड्यात सावकाश उघडला, तेव्हा गॅसच्या आधी पेट्रोलसारख्या वासाचा फिकट पिवळा पातळ द्रव आला. हे सारे फिल्टरच्या पुढे घडत होते, त्यामुळे फिल्टरचा डीपी (दोन बाजूंच्या दाबांतील फरक) स्वच्छ आणि त्याचा ड्रेन कोरडा होता. तोवरच्या सर्व तपासण्या फिल्टरपाशीच थांबल्या होत्या.

तापमान मोजताना एक काळजी घ्यावी. चकचकीत स्टेनलेसवर इन्फ्रारेड गन रोखली तर ती खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवते. नळीवर काळी चिकटपट्टी गुंडाळावी, ती नळीइतकी तापू द्यावी आणि मग त्या पट्टीवर मोजावे. मोजणी हीटर, फिल्टर, कंट्रोल व्हॉल्व्हच्या आधी, नंतर आणि मशिनच्या फ्लँजपाशी अशी क्रमाने करावी, आणि ती भर पावसात करावी.

मोजलेल्या तापमानाची तुलना डेटाशीटवरील दवबिंदूशी करण्यात फारसा अर्थ नाही. डेटाशीट डिझाइनच्या गॅसची असते आणि आज येणारा गॅस तोच असेल याची हमी नसते. सॅम्पल घेऊन प्रयोगशाळेतून पूर्ण घटक काढून घ्यावेत आणि प्रोसेस विभागाकडून त्याचा फेज एन्व्हलप (कोणत्या दाब-तापमानाला द्रव बनतो याचा आलेख) काढून घ्यावा. त्यात जड हायड्रोकार्बन एकत्र धरून एकच आकडा दिला असेल तर तो नाकारावा, कारण दवबिंदू ठरवतात ते हेच थोडेसे जड घटक. नंतर सील गॅसचा संपूर्ण मार्ग, म्हणजे व्हॉल्व्ह, ऑरिफिस आणि स्वतः सीलच्या फटीतील प्रसरण, त्या आलेखावर मांडावा. दाब घटला की नैसर्गिक वायू बारमागे साधारण अर्धा अंश गार होतो, म्हणजे ५० बारच्या घसरणीत सुमारे २५ अंश जातात. या मार्गावर प्रत्येक ठिकाणी गॅस दवबिंदूच्या किमान २० अंश वर राहिला पाहिजे, ही या क्षेत्रातील रूढ मर्यादा आहे. तेवढे अंतर मिळत नसेल तर हीटरचा सेटपॉइंट वाढवणे, नळीला ट्रेसिंग (सोबतीने उष्णता देणारी तार किंवा वाफेची नळी) देणे आणि लॅगिंगवरील पत्र्याचे सांधे वरून खाली पाणी वाहून जाईल अशा रीतीने बसवणे, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी काम भागते. भिजलेले लॅगिंग वाळेल या आशेवर ठेवू नये. पावसाळा संपेपर्यंत ते वाळत नाही आणि त्याखाली खाऱ्या हवेतले क्लोराइड साचून स्टेनलेसला तडे जाण्याचा धोका उभा राहतो.

गॅस बदलला की हा हिशेबही बदलतो. अमोनिया संयंत्रातील सिंथेसिस गॅसमध्ये हायड्रोजनचे प्रमाण मोठे असते, आणि हायड्रोजन साध्या तापमानाला प्रसरण पावताना गार होत नाही, उलट किंचित तापतो. त्यामुळे तेथे प्रसरणाने द्रव बनण्याची भीती जवळजवळ नसते आणि शोध मशिनमधून मागे येणाऱ्या मळाकडे वळवावा लागतो. युरियासाठी लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या कॉम्प्रेसरची गोष्ट नेमकी उलट आहे. या वायूचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या आसपास आहे. मे महिन्यातील ३५ अंशांच्या दुपारी तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही, परंतु पावसाने २७ अंशांवर आलेल्या नळीत तो ६७ बारच्या सुमारास द्रवरूप होतो. मशिन थांबलेले, गॅस नळीत कोंडलेला आणि बाहेर पाऊस, अशा स्थितीत पुढच्या स्टार्टला सीलकडे पहिल्यांदा द्रवच जातो. त्यातच तो सुमारे ५ बारच्या खाली प्रसरण पावला तर द्रव अवस्था टिकूच शकत नाही आणि कोरड्या बर्फाचे कण तयार होतात. अशा मशिनवर सील गॅसचा हीटर मशिन थांबले तरी चालू राहिला पाहिजे, आणि ट्रिपबरोबर हीटर बंद करणारा इंटरलॉक असेल तर प्रोसेस व सुरक्षा विभागांसह त्याचा फेरविचार करावा.

मशिन उभे असताना

पावसाळ्यात विजेचे झटके वाढतात, विजा पडतात, फीडर जातात आणि कॉम्प्रेसर एरवीपेक्षा जास्त वेळा ट्रिप होतो. चालू मशिनमध्ये सील गॅस डिस्चार्जवरून येतो आणि सीलला सक्शनइतका दाब रोखायचा असतो, म्हणून गॅस ढकलायला मुबलक फरक मिळतो. ट्रिप झाल्यावर मात्र सक्शन आणि डिस्चार्ज एकमेकांत मिसळून सेटल-आउट दाबावर स्थिरावतात. समजा ३० आणि ९० बारचे मिळून ५० झाले. आता सीलपाशीही ५० आणि सील गॅसच्या उगमापाशीही ५० आहेत, त्यामुळे तो गॅस वाहणारच नाही. सील मात्र गळतच असतो आणि त्याला लागणारा गॅस तो मशिनच्या पोटातून, न गाळलेला, न तापवलेला, ओढून घेतो. असे काही तास गेले की खाचे गाळाने भरतात, आणि दोष पुढच्या स्टार्टवर येतो.

निवारणासाठी तीन वाटा आहेत. बाहेरचा पुरेशा दाबाचा स्वच्छ गॅस मिळत असेल तर ट्रिपबरोबर आपोआप त्यावर जाण्याची सोय करावी. तसा गॅस नसेल तर सील गॅस बूस्टर (त्या गॅसचा दाब वाढवणारे छोटे यंत्र) बसवावा, आणि तो असेल तर तो खरोखर चालतो का हे दर महिन्याला पाहावे. इन्स्ट्रुमेंट एअरवर चालणारे पिस्टन बूस्टर सर्रास दिसतात आणि ते नेमके हवे तेव्हा अडकलेले सापडणेही तितकेच सर्रास आहे. दोन्ही शक्य नसेल तर ठरलेल्या वेळात मशिन सुरू झाले नाही की दाब उतरवायचा, असा लेखी नियम करून तो शिफ्टच्या हाती द्यावा. दाब उतरवतानाही घाई करू नये. रबरी ओ-रिंगमध्ये मुरलेला गॅस झपाट्याने फुगला तर त्या आतून फाटतात, म्हणून निर्मात्याने दिलेला मिनिटागणिक बारचा दर पाळावा.

थांबताना शाफ्ट उलटा फिरतो का, हेही एकदा पाहून घ्यावे. डिस्चार्जचा चेक व्हॉल्व्ह गळत असेल तर गॅस मागे येऊन मशिन उलटे फिरवतो आणि एकाच दिशेसाठी कोरलेले खाचे तेव्हा फट उघडू शकत नाहीत. त्याचप्रमाणे टर्बाइन गरम करण्यासाठी फार कमी वेगावर मशिन दीर्घकाळ फिरवल्यास रिंगा एकमेकींवर घासत राहतात.

बेअरिंगच्या बाजूने येणारे तेल

गॅसची बाजू स्वच्छ निघाली तर दुसऱ्या बाजूला वळावे. सेकंडरी सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये नायट्रोजनवरचा सेपरेशन सील असतो. ल्यूब ऑइल पंप सुरू असताना हा नायट्रोजन थोडा वेळ जरी गेला, तरी तेलाचे तुषार सेकंडरी सीलपर्यंत पोहोचतात. क्रम असा असावा की नायट्रोजन आधी आणि तेल नंतर, तर बंद करताना तेल आधी आणि नायट्रोजन शेवटी. हा क्रम प्रक्रियेच्या कागदांत सर्वत्र असतो, पण विजेच्या झटक्यानंतर आपत्कालीन पंप आपोआप सुरू होतो आणि नायट्रोजन हेडर तेव्हा पडलेला असतो, याकडे दुर्लक्ष होते. डीसीएसमधून (नियंत्रण प्रणालीच्या नोंदींतून) त्या काही मिनिटांचे ट्रेंड काढले की हे उघड होते.

प्रत्यक्ष तपासणी सोपी आहे. सेकंडरी व्हेंटच्या सर्वांत खालच्या ड्रेनमध्ये तेल आले तर सेपरेशन सीलच्या कार्बन रिंगा झिजल्या आहेत किंवा नायट्रोजन अपुरा आहे. तेलाऐवजी पाणी आले तर व्हेंटचे वरचे तोंड पावसाला उघडे आहे, आणि तेथे खाली वळवलेला बाक हवा. त्या ड्रेनमधून काहीच येत नसेल तर तो चोंदलेला नाही याची खात्री करूनच तो कोरडा मानावा.

काढलेला सील वाचणे

कार्ट्रिज पुसू नये, धुऊ नये आणि घाईघाईने खोक्यात घालू नये. निर्मात्याच्या वर्कशॉपमध्ये ते उघडताना आपला माणूस हजर असावा, कारण पहिल्या काही मिनिटांत जे दिसते ते नंतरच्या अहवालात उतरत नाही. खाच्यांत काळा चिकट गाळ असेल तर तो प्रयोगशाळेत द्यावा. त्यात ल्यूब ऑइलचे अंश निघाले तर बेअरिंगची बाजू, लोहाचे ऑक्साइड निघाले तर नळ्यांचा गंज आणि जड हायड्रोकार्बन निघाले तर वर सांगितलेली गार नळी दोषी ठरते. फिरत्या रिंगवर केंद्राकडून बाहेर जाणारे बारीक तडे उष्णतेचे लक्षण आहेत. स्थिर रिंग बोटाने दाबल्यावर सहज मागेपुढे होत नसेल, तर तिच्यामागील सरकती ओ-रिंग किंवा पीटीएफई सील गाळाने धरला गेला आहे, आणि मग रिंगांचे पृष्ठभाग निर्दोष असूनही गळती वाढते. प्रायमरी स्वच्छ आणि सेकंडरी मळलेला असा उलटा प्रकार दिसला तर गॅसच्या बाजूला वेळ घालवू नये.

नवे कार्ट्रिज चढवताना आणि तोवर

सील गॅसची नळी मशिनच्या फ्लँजपाशी सोडून ती नायट्रोजनने फुंकावी आणि समोर पांढरे कापड धरून डाग येणे थांबेपर्यंत फुंकत राहावे. त्यानंतर सेपरेशन नायट्रोजन, मग ल्यूब ऑइल, मग तापलेला सील गॅस आणि सर्वांत शेवटी प्रक्रियेचा गॅस, हा क्रम राखावा. नवी नियमावली पाहायची असेल तर ड्राय गॅस सील प्रणालीसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे एपीआय ६९२ हे स्वतंत्र मानक २०१८ पासून उपलब्ध आहे. जुन्या मशिनवर ते बंधनकारक नसले तरी आपल्या पॅनेलमध्ये काय कमी आहे हे त्यावरून चटकन दिसते.

स्पेअर हाती नसताना मशिन चालू ठेवायचे का, याचा निर्णय सेकंडरी सीलवर घ्यावा. प्रायमरीचा प्रवाह वाढलेला पण स्थिर, ट्रिपच्या मर्यादेखाली, आणि सेकंडरी व्हेंटवर प्रक्रियेच्या गॅसचा मागमूस नाही, अशा वेळी दर तासाला नोंद ठेवून स्पेअर येईपर्यंत चालवता येते. मात्र त्या काळात चाचणीसाठीसुद्धा मशिन थांबवू नये, कारण बिघडलेला सील बहुधा पुढच्या स्टार्टमध्ये जातो. सेकंडरी व्हेंटवर गॅस आढळला, मग तो थोडा का असेना, तर उत्पादनाचा विचार बाजूला ठेवून मशिन थांबवावे, दाब ठरलेल्या दरानेच उतरवावा आणि तेलाचे पंप बंद होऊन बेअरिंग निथळेपर्यंत सेपरेशन नायट्रोजन चालू ठेवावा.